नाव कमी करायची रांग

“मोबाइलवर कॉलेज? मग मोबाइलवरच जेवा!”

शिंपी सासऱ्यांचा दोन वर्षांपूर्वीचा तो टोमणा सुनेच्या कानात अजून घुमत होता. अर्थशास्त्रात नापास होऊन आज ती विद्यापीठाच्या एकखोली कार्यालयात नाव काढून घ्यायला रांगेत उभी होती. सोबतीला सासरेच.

“झालं ना मामंजी, तुमच्या मनासारखं?”

“मागणी वाढली की किमतीचं काय होतं, सांग बघू.”

“घटते.”

“वाढते! तिसऱ्याच तासाला मॅडमनी घोकून घेतलं होतं.”

“तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तर रोज दाराआड मशीनला तेल घालत बसायचात.”

“गंजतं गं.”

“बंद पडलेलं मशीन?”

खिडकीतून कारकून म्हणाला, “पुढचे या! नाव कमी करायचंय ना?”

सासऱ्यांनी घसा खाकरला.

“कमी नको, साहेब. दाराआडून सगळे तास मी ऐकलेत. हिच्या नावाखाली माझंही घाला.”