उलट्या हाताचं रबर

न्हाय न्हाय, ते ठेवा खाली — ते तुमच्यासाठी न्हाय, व्यंकटराव. साधं बारीक दाण्याचं रबर आता शाळेतली पोरं बी लावत न्हाईत, आन् तुमी कारखान्याच्या टेबल टेनिसच्या फायनलला ते बॅटला लावून उतरणार? उद्या? आन् ते बी माझ्या दुकानातलं? लोक काय म्हणतील — बलभीमनं जुनापाना माल गळ्यात मारला. धाराशिवात खेळाच्या सामानाचं धड असं दुकान एक, आन् त्याची इज्जत मला हाय. बसा. लाईट सकाळधरनं गेलीय, हा पुठ्ठा घ्या, वारा घाला. हे बघा — हे. हात लावा, लावा की, विंचू हाय का त्यो? चिकटलं का बोट? चिकटलं ना! चिनी माल हाय, सोलापूरच्या माणसाकडनं मागवलेला. चेंडू असा धरून ठेवतं, आन् सोडतं तवा भवऱ्यावानी फिरवून सोडतं. तुमच्या सुलट्या हाताला असलंच हाय. उलट्या हाताला, म्हंजी बॅकहँडला बी हेच लावा — दोन्हीकडनं फिरकी! समोरचा नुसता बघत ऱ्हाईल.

काय? साधंच पायजे? कामून पण? त्यानं फिरकी लागत न्हाय. — परवाच्या मॅचला मी होतो की क्लबात, खिडकीपाशी. तुमचा उलटा हात बघितलाय म्या. सुलटा म्हणाल तर बिजली, त्यात वाद न्हाय. पण उलट्या हातानं नुसतं ढकलत बसता तुमी, बंद पडलेल्या जीपला ढकलावं तसं. आन् उद्याची मॅच काय साधी हाय? चेअरमन सायबांनी स्टेजवर शब्द दिलाय — जिंकंल त्याला कायम करतो. पुण्याला साखर कारखान्यांच्या सामन्याला कायम माणूसच धाडता येतो, सीझनलला घेत न्हाईत, म्हणून टाइम हाफिसात एक जागा काढलीय. एकच. आन् औंदा ऊस कुठाय? वाळून चिपाड झालाय, संक्रांतीच्या आत बॉयलर थंड व्हतोय म्हणतेत. मग सीझनलवाल्यांनी काय करायचं? बहात्तरच्या दुष्काळात आमी केलं तेच — खडी फोडायची आन् सुकडी खायची. एवढं सगळं एका मॅचवर, आन् तुमी हितं येऊन साधं रबर मागता. ताकाला आलाव तर गाडगं कामून लपवता? मनात काय हाय ते बोला की.

तिकडं काय बघता? त्या पाट्याखाली? बॅट हाय, दुसरं काय असणार. रबर लावलं की रात्रभर वर वजन लागतं, न्हायतर कडा उचलतेत. आमच्या मंडळीचा पाटा त्याच कामाला लागलाय, ती बिचारी शेजारच्या घरी चटणी वाटती. कुणाची म्हंजी — हाय एका गिऱ्हाइकाची. कळंबच्या. — मुठीला निळा दोरा? हा, दोरा काय, कुणी बी गुंडाळतंय. — बरं बाबा, जावयाची हाय! रामकिसनचीच हाय. मग? जावयाची बॅट सासऱ्याच्या दुकानात नसंल तर काय तहशिलीत असंल? उद्या तुमी दोघं समोरासमोर हाव, म्हणून मी गिऱ्हाईक आन् जावई यात फरक करीन असं वाटतं व्हय तुमाला? बिलकुल न्हाय. रबर म्हंजी रबर. तुमच्या बॅटला बी मीच लावणार, त्याच पंक्चरच्या सोल्युशननं, त्याच हातानं. माझ्या हातचं रबर आजवर कुणाचं सुटलेलं न्हाय, इचारा कुणालाबी.

अहो, उचलू नका! पाटा उचलू नका, वलं हाय अजून — ठेवा. बघितलं ना? दोन्ही बाजू लाल. सारख्याच. पुण्याकडं म्हणं आता दोन बाजूला दोन रंग लागतेत, आपल्याकडं तसलं काही न्हाय अजून, कोणती बाजू कोणती ते ज्याचं त्याला ठाऊक. बोटानं दाबू नका हो तिथं — लांब दाणे असतेत, एकदा वाकले की — लांब म्हंजी काय, असतेत की दाणे, कशाला नसतेत? — बरं. आता तोंडातनं गेलंच हाय तर सांगतो, चोरी न्हाय काही. उलट्या हाताला त्याला लांब दाण्याचं लावून दिलंय म्या. त्याचं एवढं भ्यायचं कारण न्हाय. आपण जेवढी फिरकी द्यावी तेवढी ते उलटी करून आपल्याच अंगावर धाडतं, एवढंच. त्याची सोताची काहीच ताकद न्हाय. आपण फिरकीच न्हाय दिली, साधा मेलेला चेंडू टाकला, तर त्या दाण्याला खायाला काय मिळणार — उपाशी मरतंय ते — म्हणूनच तर मी तुमाला म्हणतो, हे चिकट —

असं बघू नका माझ्याकडं.

व्हय. खरं हाय. चिकट रबर घेऊन तुमी उद्या त्याच्या दाण्यावर फिरकी मारली असती आन् ती तुमच्याच तोंडावर आली असती. सुचलं मला ते. तुमी पायरी चढलाव तवाच सुचलं. गिऱ्हाइकाला वाईट माल दिला असता तर गोष्ट येगळी, माल तर एक नंबरचा देत होतो — आता हे असं बोलायला बी लाज वाटती. पण माझं बी ऐका. ऐका की जरा. माझी मथुरा हितंच हाय, आतल्या खोलीत. गेल्या दिवाळीला चार दिवसांच्या माहेरपणाला आली, औंदाची दिवाळी बी हितंच झाली तिची. रामकिसन म्हणतो, सीझनलच्या पगारात खोली कशी करू, सहा महिने काम आन् सहा महिने हरी हरी — कायम झालो की कॉलनीत क्वार्टर मिळतंय, त्याच दिवशी न्यायला येतो. मला पटलं ते. कुणालाबी पटंल! माणूस खोटं बोलत न्हाय, दुष्काळच तसा हाय. पण गल्लीला कोण समजावणार? टँकर आला की बायका रांगेत इचारतेत — पोरगी अजून हितंच का हो, काय झालं का हो. आमच्या मंडळीनं, तुळजाबाईनं, रांगेत जायाचंच सोडलं. मीच जातो घागरी घेऊन. बायकांच्या रांगेत पागोटं घालून हुभा ऱ्हातो, हसतेत त्या, हसू द्या. पण मथुरा — एसटी थांबली की खिडकीत जाती. तेवढंच करती. मला ते बघवत न्हाय, व्यंकटराव. म्हणून म्याच त्याला बोलावून घेतलं, म्हटलं हे लाव, कुणाला कळत न्हाय, व्यंकटची सगळी फिरकी ह्याच्यावर मरती. नको नको म्हणत होता. लई वेळा नको म्हणाला. म्या म्हटलं, सासऱ्याकडनं फुकट घ्यायला लाजतोय गडी.

तुमाला बी कायम व्हायचंय, मला कळत न्हाय असं न्हाय. तुमची आई थकलीय, धाकट्याचं कॉलेज हाय. तुमी काय, आज न्हाय तर पुढच्या साली — तरणं पोर हाव, हात चांगला हाय, सायेब लोक ओळखतेत. पण माझ्या पोरीला पुढचं साल — ह्ये काय, उठता कामून? पाया पडू का आता? म्या काय मॅच हरा म्हणत न्हाय. फक्त हे चिकट — बरं, ते बी नको. जे हाय त्येच जुनं ठेवा बॅटवर, नवं काहीच लावू नका. एवढं तरी?

काय? — काय म्हणालाव? परत बोला.

रामकिसननं?

न्हाय, बसा. बसा खाली. त्यानंच सांगितलं तुमाला — माझ्या उलट्या हाताला लांब दाणे हाईत, तू साधं रबर लाव, म्हणून? तो कशाला सांगंल? चेष्टा केली असंल. कारखान्यावर, चहाच्या गाड्यावर? आन् कोण होतं तिथं? — दोघंच. हसत म्हणाला का कसा म्हणाला? — हसत न्हाय. व्यंकटराव, आता एक करा, शब्दन् शब्द सांगा मला. माझं वय बघू नका, तोंड बघू नका, सांगा. ‘तूच जिंक.’ बरं. ‘मला कायम व्हायचं न्हाय.’ बरं, पुढं? — पुढं हाय काहीतरी, तुमी गिळताय. सांगा.

‘कायम झालो तर सासरा पोरगी आणून घालंल.’

असंच म्हणाला? आणून घालंल? शेणाची पाटी हाय का ती, आणून घालायला?

म्हंजी क्वार्टर न्हाय. पगार न्हाय, दुष्काळ न्हाय. ह्यातलं काहीच न्हाय. त्याला न्यायचीच न्हाय. आन् मी हितं वर्षभर त्याच्या बाजूनं भांडतोय, मंडळीशी भांडलो, गल्लीशी भांडलो, देवाला बोललो — ह्याला एकदा कायम कर म्हणून. आन् तुमाला हे ठाऊक होतं. तुमी पायरी चढलाव तवाच ठाऊक होतं, मी ते चिकट रबर तुमच्या गळ्यात मारत होतो तवा बी ठाऊक होतं, आन् गप बसून पुठ्ठ्यानं वारा घेत ऱ्हायलाव. माझी लाज राखत होताव व्हय? मी तुमचा गळा कापायला बसलो होतो, आन् तुमी माझी लाज राखत होताव. कुठं फेडू हे मी.

आणा ती बॅट हिकडं. आणा, साधंच लावून देतो. — जरा धरा ही डबी. दाबा तिथं. कडंला दाबा, मधी दाबून उपेग न्हाय. हां. कोरं, साफ बसलंय. वजन घरी गेल्यावर ठेवा, हितं ठेवू नका, ह्या पाट्याखाली जागा न्हाय. पैशाचं आज बोलू नका, हातबी लावू नका खिशाला. आन् उद्या मारा. कचरू नका. माझ्याकडं बघून एक चेंडू जरी सोडलाव तर —

हां? काय गं मथुरे?

कुणी न्हाय, गिऱ्हाईक हाय. — कुणाची, त्यांची बॅट? झाली की, कवाच झाली. वाळतीय. — व्हय गं, व्हय, चांगली बसलीय. लई चांगली. तू पड जरा.

जावा आता तुमी, व्यंकटराव. मागनं जावा, म्होरं तिची खिडकी हाय.