मस्टर्ड चाटवणारा जावई

नाही हो, तुमच्या मांजराला कुठं नावं ठेवतेय मी — मांजरं शहाणी, हुंगतात आणि चालू लागतात. माझा ओटो हावरट, बीगल कुत्राच तो! आणि जावई दीडशहाणा. डुएन. तो बघा, दवाखान्याबाहेर ट्रकला टेकून रडतोय. मीच हाकललं — म्हटलं, आत डॉक्टर कुत्र्याचा जीव वाचवतायत, तू आधी तोंड काळं कर. काल अंगणात सॉसेज भाजत होता, आणि मस्टर्ड, तो मोहरीचा सॉस, फासलेला तुकडा — या डोळ्यांनी पाहिला हो — ओटोच्या तोंडात! वर म्हणतो काय, ‘आई, एवढ्याशानं काय होतंय?’ एवढ्याशानं! आज सकाळी आठला कुत्रं झोकांड्या खात पडलं, पाय झाडायला लागलं. जावयाच्या डोक्यात नुसता भुसा. पोरगी भाळली, मी काय करणार?

फॉर्मवर ठसठशीत लिहून दिलंय — ‘मस्टर्ड, जावयानं दिलं’. हो, जावयानं हेसुद्धा. माझ्या हातून नाही होत असलं काही. डॉक्टर म्हणाले ओटोचं वजन उतरवा, तर सांध्यांची गोळी मी ज्या पीनट बटरमध्ये दडवून देते ना, तेसुद्धा बिनसाखरेचं आणलं. साडेसातला नवा डबा फोडला, चांगला मोठा चमचा दिला, तर गडी चमचासुद्धा — काय? भिंतीवरचा तक्ता? वाचते की! वाचायला हवा तो डुएननं. ‘केचप — मीठ-साखर फार, टाळा. मस्टर्ड — पोट बिघडतं, उलट्या होतात.’ उलट्या... नाही, उलटी नाही केली त्यानं. ‘कांदा-लसणाचे सॉस — रक्ताला घातक. बिनसाखरेचे पदार्थ, त्यात साखरेऐवजी झायलिटॉल असेल तर —’ थांबा, चष्मा — ‘अर्ध्या तासातसुद्धा झोकांड्या, झटके. जिवाला धोका. लगेच डॉक्टरांना सांगा.’

असं बघू नका माझ्याकडे. डब्यावरची बारीक अक्षरं कोण वाचतं हो? तुम्ही वाचता? मोठ्या आल्या —

अहो नर्सबाई! माझा फॉर्म — आत गेला? मग पळा, डॉक्टरांना सांगा मस्टर्ड नाही. खोडा ते. जावईही खोडा. पीनट बटर लिहा, बिनसाखरेचं, साडेसातला. मी दिलं. हो, मी, याच हातानं — पळा ना!

तुम्ही कुठं उठलात? बसा खाली. डुएनला आत बोलावू नका. इतक्यात नको.