अर्धी दाढी

— नाही नाही, मिशीसकट. कल्ल्यांपासून हनुवटीपर्यंत सगळं साफ. मलाही होती हो तुमच्यासारखी, चांगली भरघोस — पण मास्क आणि गाल यांच्यामध्ये केस आले की फट राहते, आणि इथल्या विषारी गॅसला फटच हवी असते. घ्या, फेस लावा. तुम्ही दाढी करा, तोवर मी काम समजावतो. काम म्हणजे काय — काहीच नाही! खिडकीतून दिसते ना, ती सात नंबरची गॅसविहीर. आम्ही म्हातारी म्हणतो. तरुणपणी काय जोर होता तिला! गॅसबरोबर पातळ तेल येतं, कंडेन्सेट म्हणतात, ते नुसतं फेकायची वर. आता दम संपला. तेल तळाशीच साचतं आणि तिचाच गळा धरतं. मग काय करायचं? बंद करायची, आत जोर धरू द्यायचा, आणि व्हॉल्व्ह असा हळूहळू उघडायचा — घाई केली की बसलीच. पडद्यावरचा हा तिच्या दाबाचा आकडा बघायचा, घसरायला लागला की मास्क चढवून बाहेर. जेवत असलात तरी, झोपेत असलात तरी — म्हणजे रोज नाही हो. तसं निवांत आहे.

मी? मी केव्हाच सुटलो असतो. मोठे साहेब म्हणाले होते, म्हातारी बंद पडली की तुम्ही मोकळे, जा घरी. मी खूश! मग डोक्यात प्रकाश पडला — तिला बंद पडू द्यायचं नाही, हेच तर माझं काम! आणि नेमकं ते मला जमतं. दरवर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी टाळं लावू. दरवर्षी मी तिला उठवून बसवतो, साहेब पाठ थोपटतात, झालं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून तर तुमची वाट बघत होतो. तुम्ही शिकलात की मी निघालो. बायको पुढे गेलीच आहे, लेकीकडे. बॅगसुद्धा भरलेली आहे, ती बघा, कपाटाखाली. धूळ? हो, बसते धूळ. तुमच्याआधी आले होते ना दोघं-तिघं, राहिले नाहीत. त्यांची कारणं वेगळी.

काय? वास येतोय? सडक्या अंड्याचा? मग चांगलंच आहे की! थोडा असतोच इथे. वास यायचा थांबला की घाबरायचं — हा गॅस आधी नाकच मारतो. मला? मला नाही येत. नाही, आजच असं नाही — कधीच नाही येत आता. सांगितलं ना साहेबांना. म्हणाले, वास घ्यायला भिंतीवर यंत्र बसवलंय, तुमच्या नाकाचं काय काम? बरोबरच आहे. पण मागे लेकीकडे गेलो होतो, नात झालीय मला — तर लेकीनं ती मांडीवर दिली, म्हणाली, बाबा, टाळूचा वास घ्या ना, किती गोड येतो. मी नाक टेकवलं, श्वास ओढला — काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. तरी म्हटलं, वा! लेक हसली. बायको नाही हसली. न्हाणीघरात जाऊन रडलो हो मी, नळ सोडून.

थांबलात का? पातं बोथट आहे? अहो, तुमचं नाही व्हायचं तसं, तुम्ही नवे — अहो, फेस का पुसताय? एकच गाल झालाय! अर्धी दाढी घेऊन कुठे निघालात, फाटकावरचा पहारेकरी हसेल! बसा ना. चहा टाकतो. माझ्या जिभेला हाड नाही, उगाच बोललो. आठवडाभर तरी? बरं, उद्यापर्यंत?

बरं.

हा आवाज ना, म्हातारीचा. आकडा पडतोय. पडू द्या. आज पडूच द्या — गेली तर जाईल, सुटेन मी. बसतो हा असा, हातावर हात ठेवून. बघू कोण उठवतं मला —

— तो मास्क देता का जरा? तुमच्या मागे, खुंटीला. हां. या तुम्ही. दार तेवढं ओढून घ्या.

आलो गं, आलो.