मागच्या पडवीतली भांडी

संध्या : बसायला नाही आले मी, काकू. राहू द्या ती खाट. माझ्या बाबाला आज सकाळी समाजमंदिरातून हात हलवत परत काहून यावं लागलं, तेवढं सांगा. मग जाते.

मंजुळाबाई : कोंडीबाला? परत? अगं, त्याच्या पोराचं, रत्नपालचं लगीन उद्यावर आलं. भांडी न्यायला तो आज येनार, ठावं हाय मला. वैजनाथ, ए वैजनाथ! भाईर ये. काय सांगून राहिली ही?

वैजनाथ : काही न्हाई, माय. दिली होती भांडी. त्येंनीच नेली न्हाईत.

संध्या : कोणती दिली होती, ते पण सांगा ना दादा आईला.

वैजनाथ : कोणती म्हंजे? डेगी, पराती, कढया. लग्नाला लागतात ती.

संध्या : पुढच्या खोलीतली?

वैजनाथ : मागच्या पडवीतली.

मंजुळाबाई : मागच्या पडवीत कवापासून भांडी? मी तर सगळी एका खोलीत लावली व्हती, माझ्या हातानं. तुझे वडील गेले तवा वर्षसराद्धाचं गावजेवन नको म्हनले मी. त्या पैक्यात भांडी घ्या म्हनले, गावात कुनाच्या बी लेकराचं लगीन भाड्याच्या भांड्यापायी अडू नये.

संध्या : कुणाच्या बी, असंच म्हणाला होतात. त्या दिवशी माइकवर बोलला होतात, मी ऐकलंय. आमच्या वस्तीनं टाळ्या वाजवल्या होत्या, काकू. लय वाजवल्या.

वैजनाथ : हे बघ संध्या, तू शिकलेली हाईस, हिंगोलीला शाळेत शिकवतीस. समजून घे. कमिटीनं भांड्याचे दोन भाग केले. सोयीसाठी. एक भाग गावाला, एक तुमाला. कुनाची तकलीफ कुनाला न्हाई. नुकसान काय झालं तुमचं?

संध्या : बाबानं परात उचलली अन् उलटी केली. बुडाला निळ्या ऑइलपेंटचा पट्टा. दुसरी केली, तिलाही. डेगीला, कढईला, झाऱ्याला सुद्धा. बाबानं विचारलं, हे काय? तर तुमचा माणूस हसला. म्हणाला, खूण हाय, तुमची तुमाला ओळखू यावी म्हणून.

वैजनाथ : मिसळ होऊ नये म्हणून खूण केली. इतकं काय त्यात?

संध्या : कशाची मिसळ, दादा?

वैजनाथ : भांड्याची.

संध्या : भांड्याला भांडं लागलं तर काय होतं? आवाज होतो. दुसरं काय होतं, तुमच्या तोंडून ऐकू द्या.

वैजनाथ : माझ्या मनात काही न्हाई. तुझ्या घरी चहा पेलो मी, इचार आठवून.

संध्या : पेलात. हिंगोलीला, माझ्या भाड्याच्या खोलीवर, दार लोटून. इथं वस्तीत बाबाच्या ओट्यावर कधी पेलात?

मंजुळाबाई : वैजनाथ, खरं हाय का हे पट्ट्याचं?

वैजनाथ : माय, तू गावात फिरत न्हाईस, तुला ठावं न्हाई. ती भांडी एकदा तिकडच्या चुलीवर चढून आली की इकडचे लोक हात लावत न्हाईत. तोंडावर कोणी बोलत न्हाई, पण साखरा गावाहून भाड्यानं आणतात. मग तुझं सगळं दान गंजून जाईल. मी ते वाचवून राहिलो, अन् मलाच जाब?

मंजुळाबाई : कोंडीबासंग असं करायला नगं व्हतं. तुझ्या वडलाचा पाय मोडला, तवा वढ्याला पूर व्हता. कोंडीबानं पाठीवर घेऊन पार केलं त्येंना. त्याची तरी याद ठिवायची.

संध्या : ते नका काढू, काकू.

मंजुळाबाई : काहून गं? चांगलंच सांगून राहिले तुझ्या बापाचं.

संध्या : बाबानं कुणाला पाठीवर घेतलं म्हणून आम्हाला चांगलं भांडं मिळणार का? मग वस्तीत ज्यानं कुणालाच उचललं नाही, त्यानं लेकराचं लग्न कशात रांधायचं? उपकाराची फेड मागायला नाही आले मी. गावाला दिलं म्हणालात. आम्ही गाव आहोत का नाही, एवढंच विचारायला आले.

मंजुळाबाई : हाव की गं. पन रीत पडली हाय, पोरी. मी एकटी म्हातारी बाई, गावाम्होरं काय करनार?

संध्या : दान देताना एकट्याच होतात ना? तेव्हा गावाला विचारलं नव्हतं. दिलं अन् मोकळ्या झालात. कोण वापरतं, कुणाला दारातून फिरवतात, एकदा तरी जाऊन पाहिलं? आम्ही मात्र इतके दिवस सांगत फिरलो, मंजुळाकाकूनं सगळ्यांसाठी केलं म्हणून. लाज वाटून राहिली मला त्या टाळ्यांची.

वैजनाथ : आता आवाज खाली कर. माझ्या दारात उभी हाईस.

मंजुळाबाई : दार माझं बी हाय. बोलू दे तिला. चावी आन.

वैजनाथ : चावी कमिटीकडं हाय.

मंजुळाबाई : कमिटीचा अध्यक्ष कोन? तू झालास तवा मीच पेढे वाटले व्हते. कमरेला काय लटकून राहिलं तुझ्या? चल म्होरं. संध्या, तू बी चल. हात दे मला, पायरी उंच हाय.

(समाजमंदिराची मागची पडवी. कुलूप निघालं आहे.)

मंजुळाबाई : हितं शेणाच्या गवऱ्या बी ठिवल्या का रे? भांड्याशेजारी गवऱ्या?

वैजनाथ : जागा न्हाई, माय.

मंजुळाबाई : ही डेग म्होरं वढ. ह्या अंगाला काठावर तुझ्या वडलाचं नाव कोरलं व्हतं. सेनगावच्या कासाराकडं बसून कोरून घेतलं मी. बोटाला लागंना. संध्या, तुझी नजर चांगली हाय, वाच बरं.

संध्या : नाव नाही, काकू.

मंजुळाबाई : असं कसं? परातीवर बघ.

संध्या : परातीवर पण नाही. कानस फिरवली आहे. नुसते ओरखडे राहिले.

मंजुळाबाई : वैजनाथ?

वैजनाथ : चार लोक म्हणाले, ग्यानबा पाटलाचं नाव तिकडच्या चुलीवर काहून जळू द्यायचं? मला बी बराबर वाटलं. नाव माझ्या वडलांचंच हाय ना, त्याचा मान राखला.

मंजुळाबाई : मान राखला? माझ्या धन्याचं नाव कानशीनं घासलं अन् मान राखला म्हनतोस? मुडद्या, बापाच्या नावावर कानस चालवताना हात थरथरला न्हाई तुझा? त्येंनी जन्मात कुनाला अरे म्हनलं न्हाई. अन् तू त्येंना पुसून टाकलंस! आग लागो तुझ्या कमिटीला!

संध्या : आता आला राग.

मंजुळाबाई : काय म्हनलीस?

संध्या : पट्टा आमच्या भांड्याला मारला, तेव्हा तुम्ही रीत आहे म्हणालात. काकाचं नाव घासलं, तर आग लागो म्हणालात. मी मघाशी तुमच्या अंगणात उभी राहून ओरडले, काकू. तुम्हाला ऐकू आलं ते आता आलं.

वैजनाथ : ए, माझ्या मायला असं—

मंजुळाबाई : गप. तू गप ऱ्हा.

संध्या : निळा आमचा रंग आहे. घरावरच्या झेंड्याचा, जयंतीच्या मिरवणुकीचा. तोच उचलून तुम्ही भांड्याच्या बुडाला फासला, जनावराला डाग द्यावा तसा. बाबाला ते लागलं. नुसतं वेगळं ठेवलं असतं, तर त्याची सवय आहे त्यांना.

मंजुळाबाई : खरं हाय गं. माझा राग माझ्यापुरताच व्हता. वैजनाथ, कानस कुठं हाय ती?

वैजनाथ : असंल हितंच कुठंतरी. काहून?

मंजुळाबाई : पुढच्या खोलीतली भांडी काढ. त्याच्यावरचं बी नाव घास.

वैजनाथ : माय! बाबांचं नाव?

मंजुळाबाई : सगळं घास. एक बी ठिवू नको. नावासाठी दिली व्हती का मी? दिली व्हती, थोडी. म्हनूनच घास. अन् घासलेट आनून हे पट्टे पुस. मग पुढची अन् मागची एका खोलीत टाक. कोन्ती कुनाची, तुझ्या बापाला बी कळू नये.

वैजनाथ : मी न्हाई घासणार. अन् ऐकून ठिव, उद्यापासून गावातलं एक माणूस ही भांडी नेणार न्हाई. तुला पंगतीला कोणी बोलावणार न्हाई. निवडणुकीत मला मत कोण देईल, त्याचा इचार केलास?

मंजुळाबाई : पंगतीला चावायला दात कुठं राहिलेत मला? अन् मताचं तुझं तू बघ.

वैजनाथ : मी चाललो. गावाला तोंड तू दे.

मंजुळाबाई : देते. चावी ठिव अन् जा... गेला बघ. बापासारखी चाल हाय नुसती. संध्या, तुला कानस चालवता येती का?

संध्या : येते. पण मी नाही चालवणार, काकू. हे काम आमचं नाही.

मंजुळाबाई : व्हय. ते बी खरं. आन मग हिकडं, मीच बसते. हात दुखंल, दुखू दे. तू घरी जा, अन् कोंडीबाला धाड. म्हनावं, कोन्ती बी ने, लागतील तेवढी ने.

संध्या : बाबा नाही येणार. ते सकाळी येऊन गेले.

मंजुळाबाई : मग रत्नपालला धाड.

संध्या : त्याला हळद लागली. नवरदेव कुठं भांडी मागत फिरतो?

मंजुळाबाई : मग मीच आनते. फुलसिंगचा टेम्पो सांगते, म्होरं बसून येते. तुमच्या दारात उतरवते सगळी, उजेडात, समद्यांच्या देखत.

संध्या : साखऱ्याची भाड्याची भांडी निघाली आहेत. थोड्या वेळानं पोचतील.

मंजुळाबाई : येऊ दे. माझी बी येतील. घ्याल ना पोरी? घेऊ म्हन.

संध्या : मी कशी म्हणू, काकू? बाबा मांडवात बसलेत. त्यांना विचारा.