दिवाणाचं पान

"हॅलो? … हॅलो! … हां, ठाण्याची पेढी. बोला, मिठाच्या गोण्या पोचल्या का? … काय? … कोण बोलतंय? … उत्तरा? अगं, तू? … वखारीत आलीस? एकटी?"

हरिहरपंतांनी टेलिफोनचा डबा कानापासून काढून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा कानाला लावला. शेठजींनी ठाण्याच्या पेढीपासून कल्याणच्या वखारीपर्यंत ही तार ओढून घेतली त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. कळव्याच्या खाडीवरून येणाऱ्या त्या तारेतून आजवर गोण्या, पडाव, वजनं आणि शिव्या आल्या होत्या. धाकट्या बहिणीचा आवाज आज पहिल्यांदाच येत होता. अठराशे ब्याण्णव सालात घरंदाज बाई भर दुपारी, नवरा विश्रामराव कारभार बघतो त्या वखारीत येऊन भिंतीवरच्या यंत्रात बोलते, म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार, असंच पंतांना वाटलं.

"कोण गं? सासूबाई? … बऱ्या आहेत? मग विश्रामराव? … भिवंडीला गेलेत, ते ठीक. मग झालं काय? … रडू नकोस, रडलीस की नुसती खरखर ऐकू येते … मोठ्यानं … काय? दिवाणाला धरलं?"

दिवाण म्हणजे उत्तराचा कुत्रा. ओटीवर पुढचे पाय जुळवून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघायचा, जणू अख्ख्या कल्याणचा कारभार त्याच्याच अंगावर पडलाय. नावही सासूबाईंनीच ठेवलेलं.

आणि धरलं होतं म्युनिसिपल कमिटीच्या माणसांनी. उन्हाळ्यात पिसाळलेलं कुत्रं चावून माणसं दगावली, तेव्हापासून लोक दिसेल त्या कुत्र्याच्या पाठीत काठी घालू लागले होते. हरिहरपंतांनी तेव्हा चार मित्र गोळा करून श्वानरक्षण मंडळी काढली. पेढीचा कारकून माणूस, पण सुट्टीच्या दिवशी टेंभी नाक्यावर कुत्र्यांचा मेळा भरवायचा, खरजेला औषध लावायचं, पट्टे वाटायचे आणि शेवटी एक दणदणीत भाषण ठोकायचं. कुत्रं पाळलंत तर नीट सांभाळा, उकिरड्यावर सोडू नका, गळ्यात चामड्याचा पट्टा घाला. कल्याणात बेवारशी कुत्री मारायची ठरली तेव्हा पट्टा असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे पंतांनीच कमिटीशी भांडून कबूल करून घेतलं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र कुत्रं नव्हतं. बायकोला, वासंतीबाईंना, चालत नसे.

"अगं पण पट्टा होता ना? पितळी बिल्ल्याचा, मी स्वतः बांधलेला! … काढला? कुणी काढला? … तू? … उत्तरा, शंभरदा सांगितलं होतं की पट्टा … हो, हो … अगं ऐक ना … बरं, तूच सांग. … आज तुझ्या मामंजींचं श्राद्ध. … हो, पितृपक्ष आहे, मला ठाऊक नाही का … कावळ्याचं झालं. गाईचं झालं. … कुत्र्याचं पान. हो, ठेवतातच … हं … पानाशी चामडं कसं चालेल … हं."

पंत भिंतीला टेकले. श्राद्धाच्या स्वयंपाकात कुत्र्याचाही वाटा असतो, हे काही त्यांना नवं नव्हतं. वर्षातून एकदा दिवाणाचं पान मांडलं जायचं आणि सोवळ्यातल्या सासूबाई स्वतः त्याला वाढायच्या. पण चामड्याचा पट्टा घालून पितरांच्या पानावर बसायचं कसं? सासूबाई म्हणाल्या, तेवढ्यापुरता काढ. उत्तरानं काढला. दिवाणानं वरणभात खाल्ला, खिरीची पत्रावळ चाटून लख्ख केली आणि रोजच्यासारखा बोळातल्या सावलीत जाऊन पडला.

"मग लगेच बांधायचा ना परत! … ब्राह्मण पानावर होते … वाढणं चाललं होतं … बरोबर आहे … नाही गं, तुला नाही बोलत मी. … कुठं ठेवलीत सगळी? … खाडीकाठच्या कोंडवाड्यात. म्हणजे वखारीच्या मागंच. … तू जाऊन आलीस? शाबास! पट्टा दाखवलास? … मग? … दामाजी मुकादम काय म्हणाला? … 'हातातला पट्टा चालत नाही'? असा कुणाचा नियम? … माझा?"

नियम त्यांचाच होता. कल्याणच्या मेळ्यात काही चतुर लोक एकच पट्टा फिरवून चार-चार कुत्री सोडवायचा बेत करताना सापडले, तेव्हा पंतांनी भर सभेत कुत्री धरणाऱ्यांच्या या मुकादमाला, दामाजीला, सांगितलं होतं. पट्टा गळ्यात असेल तर कुत्रा धन्याचा, हातात असेल तर कुणाचाही. कुणाची रडगाणी ऐकू नकोस. उद्या माझा निरोप आला तरी ऐकू नकोस! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता. पंतांना त्या टाळ्या फार गोड लागल्या होत्या.

"आणखी कुणाकुणाची आहेत तिथं? … सगुणा कोळणीचा काळा … जोश्यांची कुत्री, पिलांसकट? … ती तर चांगली घरची कुत्री! त्यांचेही पट्टे … त्यांच्याकडेही पान होतं? … सगळ्यांकडेच …"

कमिटीनं पंतांना विचारलं होतं, कुत्री धरायचं काम कधी काढावं? त्यांनी मोठ्या हुशारीनं सांगितलं होतं, पितृपक्षात काढा; लग्नमुंजी नसतात, माणसं मोकळी मिळतात. घरोघर कुत्र्यांची पानं मांडायचा पंधरवडाही तोच, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. पंतांच्या घरी कुत्र्याचा वाटा रस्त्यावर ठेवत आणि दार लावून घेत. तो कोण खातं, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"उत्तरा, ऐक. दौलत पहारेकरी आहे ना तिथं? त्याला दे यंत्रावर … भितो? बरं, मग तूच सांग. म्हणावं, धावत कोंडवाड्यात जा. दामाजीला सांग, हरिहरपंत स्वतः सांगताहेत, हात लावू नकोस. एकट्या दिवाणाचं नाही, एकूण एक कुत्र्याचं सांगतोय. … माझा निरोपही ऐकू नकोस म्हटलं होतं, ते ठाऊक आहे मला! म्हणावं, पंतांचं डोकं फिरलं होतं. पाय धर म्हणावं त्याचे. … मी येतो. मिळेल त्या गाडीनं … आत्ताची गेली गं. पुढची संध्याकाळी … दामाजी अंधार पडल्याशिवाय काही करत नाही, त्याची तशी रीतच आहे. गेला का दौलत? … पळत गेला ना?"

आतून शेठजींनी विचारलं, काय म्हणते वखार? पंतांनी यंत्राच्या भोंग्यावर हात धरून ओरडून सांगितलं, गोण्या मोजताहेत. हेडकारकुनाच्या नोकरीत ते पहिल्यांदाच शेठजींशी खोटं बोलले, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

"हं, बोल. आहे मी. … हाक मारलीस त्याला? … उठला? … कुंपणाच्या फटीतून नाक … अजून खीर लागलेली होती? … हं … नाही, नाही, बोल तू. ऐकतोय."

यापुढं करण्यासारखं काहीच नव्हतं. बहिणीचा श्वास अगदी कानाशी येत होता, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला मध्ये अख्खी खाडी होती. यंत्र लागलं त्या दिवशी शेठजींनी पेढे वाटले होते. आता जग हाताशी आलं म्हणाले होते. पंतांच्या हाताशी आत्ता फक्त एक लाकडी डबा होता. इतकं हतबल त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि रडावं तर पेढीवर माणसं होती.

"काय झालं? कोण बोलतंय? … दौलत आला? इतक्यात? … काय म्हणतो? … उत्तरा? … हॅलो? … अगं, काय म्हणतो तो? … ओहोटी लागली म्हणून? … मढी खाडीतून वाहून जावीत म्हणून अंधाराआधीच … कधी? … तू कोंडवाड्यातून वखारीकडे निघालीस तेव्हाच …"

"… सगळी?"

"… पिलंसुद्धा?"

तारेत खरखर चालू राहिली.

"उत्तरा … आहेस ना? … मी कमिटीकडे अर्ज करतो. दामाजीला कामावरून … हो, त्याचं काय चुकलं म्हणा. मी सांगितलं तसंच तो वागला. … मग मी काय करू? तूच सांग. … रविवारी? हो, रविवारी डोंबिवलीला मेळा आहे. त्याचं आता कशाला काढतेस? बंदच करून टाकतो सगळं … नको? का नको? … हो … हो … अगं ऐक ना … बरं, ऐकतो. … पट्टा सुताचा करायचा. … सूत धुऊन सोवळ्यात घेता येतं … म्हणजे पानाशी काढायलाच नको. … हो. … हो गं, पण पहिल्यांदा हे सुचलं असतं तर … कुणाला विचारायला हवं होतं?"

पलीकडून उत्तरा बराच वेळ बोलत राहिली.

"… मेळ्याला कोण येतं म्हणजे? गावातली मंडळी येतात. … पुरुषच. … कुत्र्याला घास कोण घालतं? … बायका. … पट्टा कोण काढतं? … हो. बायकाच. … नाही, एकही नव्हती. कधीच नव्हती. आम्ही बोलावलंच नाही. … म्हणजे? तू येणार? … येऊन काय करणार? … बोलणार? भर मेळ्यात? … अगं, वेडी आहेस का? लोक काय म्हणतील! विश्रामरावांना … हो, हो … बरं, तू मला सगळं सांगून ठेव, मी तुझ्या वतीनं बोलतो … माझं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. … खरं आहे. … पण चारचौघांत उभी राहून सांगणार काय? … 'माझ्या हातानं पट्टा काढला'? … उत्तरा, तुला जन्मभर नावं ठेवतील गं. … ठेवू देत?"

पंतांनी कपाळावरचा घाम पुसला. लहानपणी ही मुलगी पाहुण्यांपुढे यायला लाजायची, दाराआडून नुसती वेणी दिसायची.

"आणि सासूबाई? त्यांना काय सांगणार आहेस? … कळलंय त्यांना? … जेवल्या नाहीत … म्हणजे काय, त्याही येणार? … त्याच म्हणाल्या? सोवळं सोडून, डोंबिवलीला? … थांब, थांब, मला जरा विचार करू दे. मंडळीतल्या बाकीच्यांना विचारावं लागेल, अशी रीत नाही … तू रागावू नकोस, मी नाही म्हणत नाही, फक्त थोडं … उत्तरा? … हॅलो?"

तारेत खट्ट झालं आणि खरखरही थांबली.

"हॅलो? … उत्तरा, ऐकतेस ना? … ये. … ये म्हणतोय मी. दोघी या … हॅलो?"