पात्यांना तेल

शेहेचाळीस साली मिरज स्टेशनात शेजारच्या बाकावर एक फौजी आणि कॅमेरे दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री बोलत होते.

"मौलाचाचा, कॅमेऱ्याचा खटका दाबतोय, पर आत काय हालतच न्हाई."

"हंबीरा, आतली पाती चिकटल्यात. तेल कुनी सोडलं?"

"मीच, रोज. फौजेची शिस्त हाय, रायफललाबी तेल लागतंच."

"ही पाती कोरडीच ठेवायची असत्यात. आन् ह्याला फोडणीचा वास कसा?"

"लंगरातलं, फौजेच्या सैपाकातलं तेल हाय."

"म्हंजी तू आचारी?"

"आवं, हळू! व्हनारा सासरा पलीकडं बसलाय. त्याला ह्यात काढलेला माझा रायफल घेतलेला फोटो दावायचाय."

"पाती उघडलीच न्हाईत, तर फोटो कसला? समदा काळाकुट्ट येनार."

"अगदी समदा?"

"समदा."

"मग झ्याक झालं! सांगतो, रातची लढाई हुती."