भुतांची नजर

(करमणूक उद्यानाला साप्ताहिक सुट्टी. होडीतून फिरायच्या भुतांच्या भुयाराच्या बंद तिकीटखिडकीत सासरे आणि सून.)

सून : सगळंच पाडायचं? मामा, उद्या तो ठेकेदार खरंच मशीन घेऊन येईल हं.

सासरे : येऊ दे की. मीच बोलावलंय.

सून : पण फिटर काय म्हणाला? पाण्याचा पाट गळतोय, होड्या ओढायची साखळी झिजलीय, मोटर बदलायची. एवढंच. बाकी होड्या धड आहेत, भिंती धड आहेत.

सासरे : फिटर दुरुस्तच करा म्हणणार. त्याचं पोट आहे त्यावर.

सून : आणि पाडणाऱ्याचं कशावर आहे?

सासरे : वाद घालू नकोस. जुनं झालं ते. हल्लीच्या मुलांना मोठे पडदे लागतात, हलणाऱ्या खुर्च्या लागतात. कागदाच्या लगद्याच्या भुतांना कोण घाबरतं?

सून : मी घाबरते.

सासरे : तू झुरळालाही घाबरतेस.

सून : विषय बदलू नका. लग्न होऊन आले, तेव्हा आईंनी मला आधी त्या होडीत बसवलं. स्वयंपाकघर नंतर दाखवलं. हडळीपाशी मी अशी किंचाळले, की आई हसून हसून आडव्या झाल्या. म्हणाल्या, ‘पास झालीस.’

सासरे : तिला किंचाळणारी माणसं आवडायची. मी एकदाही किंचाळलो नाही, म्हणून जन्मभर टोमणे खाल्ले.

सून : मग तेच पाडायला निघालात? एकेक भूत आईंनी हातानं केलंय. त्यांना जाऊन वर्ष नाही झालं. लोक काय म्हणतील?

सासरे : लोकांचं मला सांगू नकोस.

सून : बरं, माझं सांगते. मला राग आलाय. तुमच्या मुलाची तुम्हाला विचारायची छाती झाली नाही, म्हणून मी आले.

सासरे : तो लहानपणापासून असाच. कुणाला तरी पुढे करायचं आणि आपण मागे राहायचं.

सून : मला खरं कारण सांगा. मग मी एक शब्द बोलणार नाही.

सासरे : ती भुतं आम्ही कशी बसवली, ठाऊक आहे तुला?

सून : नाही.

सासरे : ती होडीत बसायची, डाव्या बाजूला. मी गुडघाभर पाण्यात, भूत धरून उभा. ती ओरडायची, ‘अजून वळवा. अजून थोडं. हां, आता बघतंय माझ्याकडे.’ मग मी बोल्ट आवळायचो. एकूण एक भूत तसंच बसवलंय. डावीकडे बसणारा घाबरतो. उजवीकडच्याला फक्त त्यांचे कान दिसतात.

सून : अय्या! म्हणून पोरं डाव्या जागेसाठी भांडतात होय!

सासरे : रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी आमची एक फेरी. सगळं नीट चालतंय ना, बघायला. ती डावीकडे, मी उजवीकडे. माझ्याकडे कधी एक भूत बघायचं नाही.

सून : आणि आई गेल्यावर?

सासरे : फेरी तर मारावीच लागणार. एकटाच गेलो. उजवीकडे बसलो, तर शेजारची जागा रिकामी दिसायला लागली. म्हणून सरकून डावीकडे बसलो.

सून : मामा...

सासरे : सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हडळीनं बघितलं. तो शिपाई, मुंडकं हातात धरलेला, त्यानंही बघितलं. तुम्ही इथे कसे? ती कुठाय? असंच विचारत होते सगळे. मी काय सांगणार त्यांना?

सून : आणि आम्हाला सांगितलंत, मोटर जळली म्हणून भुयार बंद केलं.

सासरे : मोटर आवाज करतेच.

सून : करते हो, करते. पाणी प्या जरा... मग असं करू या का? भुतांच्या माना थोड्या उजवीकडे फिरवू. म्हणजे डावीकडे कुणी बसलं तरी...

सासरे : खबरदार! एकाही मानेला हात लावायचा नाही.

सून : उद्या मशीन लावणार होतात ना त्यांना?

सासरे : मशीन वेगळं, मान वळवणं वेगळं.

सून : ठेकेदाराला फोन करू?

सासरे : काय सांगशील?

सून : सासऱ्यांचं डोकं ठिकाणावर आलं.

सासरे : फाजील आहेस. तिनंच डोक्यावर बसवलंय तुला. सांग त्याला, येऊ नकोस. पण गळका पाट दुरुस्तीला फोडायचा म्हणजे कडेची भुतं काढावी लागतील. ती परत तश्शी बसायला हवीत. फिटर कुठेही तोंड करून ठेवेल.

सून : मग कसं करायचं?

सासरे : काढायच्या आधी खुणा करायच्या. कुणीतरी डावीकडे बसायचं. मी प्रत्येक भुताच्या डोळ्यांपाशी, त्याच्या नजरेच्या रोखानं टॉर्च धरतो. उजेड बरोबर बसणाऱ्याच्या तोंडावर पडला, की भुताच्या पायाशी रंगाची रेघ.

सून : बसणार कोण?

सासरे : इथे दुसरं कोण दिसतंय तुला?

सून : आईंच्या जागी? मी?

सासरे : बस. ती काही म्हणायची नाही.

सून : आणि टॉर्च सरळ माझ्या डोळ्यांत? मला काहीच दिसणार नाही, मामा.

सासरे : मग मिट की डोळे. बघायचं त्यांनी आहे.